तक्त्यापासून चित्रापर्यंत: मानव्यविद्यांच्या संशोधनात दृश्यांकनाची सुरुवात

इतिहास, साहित्य, भाषा किंवा समाज यांवर काम करणारा नवखा संशोधक दृश्यांकनाकडे, म्हणजे माहिती नकाशा, आलेख किंवा जाळ्याच्या चित्रात मांडण्याकडे, वळला की पहिल्यांदा विचारतो, "कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" खरं तर सॉफ्टवेअर हा यातला सोपा भाग. कामापुरतं ते चार-सहा बैठकांत येतं. वेळ खातो तो त्याच्या आधीचा तक्ता. कोणाला एकच व्यक्ती धरायचं, कोणती तारीख मान्य करायची, 'माहीत नाही' हे कुठे लिहायचं, असे संशोधनातले खरे निर्णय त्या तक्त्यातच होतात. म्हणून या लेखात टूलपेक्षा तक्त्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

सगळ्या पायऱ्या एकाच उदाहरणावर बघू. समजा, अठराव्या शतकातल्या एका युरोपीय लेखकाचा पत्रव्यवहार तुमच्यासमोर आहे, काही शे पत्रं. तुमचा विषय शिलालेख असो, नाटकाच्या जाहिराती असोत की मुलाखतींची टिपणं, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

'पत्रव्यवहाराचं दृश्यांकन' हा प्रश्न नव्हे. 'देश सोडावा लागल्यावर लेखकाचे जुने पत्रमित्र टिकले का?' हा प्रश्न. तो लिहिला की कोणते कॉलम हवेत हे आपोआप ठरतं: वर्ष, पत्रमित्राचं नाव, लेखकाचा त्या वेळचा मुक्काम. कागदाचा आकार नोंदवला नाही तरी चालेल. शिवाय इथे नकाशाची गरजच नाही हेही कळतं. प्रत्येक पत्रमित्रासाठी एक आडवी रेघ आणि तिच्यावर पत्रांचे ठिपके, एवढा साधा आलेख या प्रश्नाला पुरतो. नकाशा सुंदर दिसतो म्हणून काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याला पहिला नकार इथेच द्या.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा. चित्र स्वतःला काही सापडावं म्हणून काढताय, की सापडलेलं दुसऱ्याला पटावं म्हणून? लंडनच्या सोहो भागात 1854 साली पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंचा नकाशा काढला आणि त्यावरून ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप साथीचं मूळ म्हणून पकडला, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. प्रत्यक्षात पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेला तो मृत्यूंची यादी आणि घरोघरची चौकशी यांच्या जोरावर. नकाशा नंतर तयार झाला, निघालेला निष्कर्ष इतरांपुढे मांडण्यासाठी. स्नोच्या युक्तिवादाचा सगळ्यात भक्कम भाग तर जिथे मृत्यू जवळजवळ नव्हते त्या जागांचा होता. पंपापासून जवळच असलेल्या गरिबांच्या आश्रयगृहात पाचशेहून अधिक माणसं राहत होती, पण मृत्यू पाचच, कारण तिथे स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार बिअर पीत, पंपावर जातच नसत. हे कारण नकाशावर ठिपके मांडून कळलं नसतं, जाऊन विचारावं लागलं. तुमच्या बाबतीत 'जाऊन विचारणं' म्हणजे मूळ कागद पुन्हा उघडणं.

दुसरी पायरी: तक्ता

एका ओळीत एक पत्र आणि एका कप्प्यात एकच माहिती. 'पॅरिस, नंतर जिनिव्हा' असं एकाच कप्प्यात लिहिलं की पुढचं कुठलंही टूल त्याला एकच जागा समजणार. कप्पे जोडू नका. रंग देऊन अर्थ दाखवू नका. संशयास्पद ओळी पिवळ्या केल्या तर तो पिवळा रंग फाइल दुसरीकडे नेताच उडून जातो. त्याऐवजी 'खात्री' नावाचा कॉलम करा आणि त्यात 'नक्की', 'बहुधा', 'अंदाज' असे ठरलेले तीनच शब्द वापरा.

सगळ्यात उपयोगी सवय अशी: मूळ कागदात जसं आहे तसं एका कॉलममध्ये, आणि तुम्ही ठरवलंत ते शेजारच्या कॉलममध्ये. गावाचं नाव पत्रात तीन वेगवेगळ्या वर्तन्यांनी येतं; 'गाव, मूळ' यात तिन्ही जशीच्या तशी राहू द्या, 'गाव, ठरवलेलं' यात एकच. पुढे कोणी तुमचा निर्णय चुकला असं म्हटलं तर मागे जायची वाट शिल्लक राहते. व्यक्तींच्या नावांचंही तसंच, आणि तारखांचं तर फारच.

तारखा हा मोठा चिखल आहे, तिथे जरा थांबू. एक्सेलला 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. त्यामुळे तुमच्या संग्रहात 1789 ची नोंद साधा मजकूर म्हणून राहते, 1905 ची तारीख बनते, आणि क्रम लावायला गेलात की सगळं उलटसुलट होतं. दप्तरातल्या पेटीचा '3-12' हा क्रमांक एक्सेल हसतहसत तारखेत बदलून टाकतं, आणि ते आपल्याला महिनाभराने दिसतं. उपाय साधा आहे. वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम ठेवा, आणि पेटी-पानांचे क्रमांक टाकायच्या आधी तो कॉलम 'मजकूर' प्रकारचा करून घ्या.

मग दिनदर्शिकेचा घोळ. कॅथलिक देशांनी 1582 पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारायला सुरुवात केली, ब्रिटनने थेट 1752 मध्ये. मधल्या काळात लंडनची तारीख पॅरिसच्या मागे असे, सतराव्या शतकात 10 दिवस आणि 1700 नंतर 11. त्यामुळे पॅरिसहून 20 मे रोजी निघालेलं पत्र लंडनला 14 मे रोजी पोचलं, अशी नोंद बिनचूक असू शकते. त्यातच इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई; 10 फेब्रुवारी 1730 अशी तारीख असलेलं इंग्लिश पत्र आपल्या हिशेबाने 1731 चं असू शकतं. म्हणून 'दिनदर्शिका' हा एक कॉलम हवा. तो नसेल तर उत्तरं पत्रांच्या आधी येतात, आणि कालरेषा पाहणारा त्यात भलतेच अर्थ शोधत बसतो.

'सुमारे 1760' अशा नोंदीचं काय करायचं? तिला गुपचूप 1760 करू नका. 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' असे दोन कॉलम करा, 1758 आणि 1762. चित्रात मग ठिपक्याऐवजी आडवी रेघ काढता येते आणि अनिश्चितता डोळ्यांना दिसते. आंतरराष्ट्रीय तारीख-प्रमाणाच्या 2019 च्या दुसऱ्या भागात अंदाजे वर्षासाठी चिन्हंही दिली आहेत, पण ती वाचणारी टूल्स कमी. दोन कॉलम कुठेही चालतात.

रिकाम्या कप्प्याचे किमान तीन अर्थ होतात: मूळ कागदात माहिती नाही, ही माहिती इथे लागूच नाही, आणि मी अजून पाहिलेलं नाही. तिघांना वेगळे शब्द द्या. शून्य तर कधीच लिहू नका, विशेषतः अक्षांश-रेखांशाच्या कॉलममध्ये. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे भेटतात ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. नकाशे करणारी मंडळी तिला गमतीने 'नल आयलंड' म्हणतात. जगभरच्या निष्काळजी तक्त्यांमधली गावं तिथे जमा झालेली असतात.

अक्षांश-रेखांश शोधायला ऑनलाइन स्थळसूच्या आहेत: आजच्या नावांसाठी जिओनेम्स, प्राचीन भूमध्य जगासाठी प्लेइअडीस, आणि काळानुसार बदलणाऱ्या नावांसाठी वर्ल्ड हिस्टॉरिकल गॅझेटियर. तिथला ओळखक्रमांकही तक्त्यात उतरवून घ्या. एकाच नावाची दहा गावं असतात, आणि तुम्ही कोणतं निवडलंत हे त्या क्रमांकावरूनच कळेल.

देवनागरीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. आकडे 1854 असे लिहा. १८५४ हे अनेक टूल्सना आकडा म्हणून ओळखता येत नाही. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर टूलला त्यात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. फाइल साठवताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कप्पे वेगळे करणारी साधी मजकूर-फाइल), यूटीएफ-8 (युनिकोड साठवायची पद्धत) हा पर्याय निवडा.

सगळा संग्रह भरून झाल्यावर मगच चित्र, असं करू नका. आधी तीस-चाळीस ओळी भरा आणि तेवढ्यावरच शेवटपर्यंत जाऊन या. कॉलम चुकले असतील तर ते चाळीस ओळींतच कळलेलं बरं.

तिसरी पायरी: सफाई

यासाठी ओपनरिफाइन हे मोफत टूल घ्या. ते 2010 मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालं, मग काही काळ गूगलकडे होतं आणि 2012 पासून मुक्त प्रकल्प म्हणून चालू आहे. ते ब्राउझरमध्ये उघडत असलं तरी चालतं तुमच्याच संगणकावर, त्यामुळे माहिती बाहेर जात नाही. मुलाखती किंवा खासगी कागद असतील तर हे महत्त्वाचं.

आधी नावाच्या कॉलमवर 'फॅसेट' लावा. त्या कॉलममधली सगळी वेगवेगळी मूल्यं आणि प्रत्येकाची संख्या डावीकडे येते. शेवटी एक जागा जास्त सुटल्यामुळे दोन झालेली एकच व्यक्ती लगेच सापडते. मग 'क्लस्टर' म्हणा. एकसारखी दिसणारी नावं ते गटाने सुचवतं. सूचना तपासल्याशिवाय मान्य करू नका. बाप आणि मुलगा एकाच नावाचे असतात, काका-पुतण्या एकाच आद्याक्षरांनी सही करतात, आणि यंत्राला ते एकच वाटतात.

केलेल्या प्रत्येक बदलाची यादी ओपनरिफाइन ठेवतं आणि ती फाइल म्हणून काढताही येते. ती काढून ठेवा. मूळ तक्त्याची अस्पर्श प्रत वेगळी, साफ केलेली वेगळी.

चौथी पायरी: आता टूल

पहिली नजर टाकायला पॅलाडिओ किंवा रॉग्राफ्स घ्या. दोन्ही मोफत, ब्राउझरमध्ये चालणारी. पॅलाडिओ स्टॅनफर्ड विद्यापीठात पत्रव्यवहारासारख्या ऐतिहासिक माहितीसाठीच बनलं. तक्ता चिकटवा, अक्षांश आणि रेखांश एकाच कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन लिहा (आधी अक्षांश), तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, की नकाशा, जाळं आणि काळाची पट्टी तिन्ही मिळतात. ते तुमचं काम आपल्याकडे साठवत नाही. प्रकल्पाची फाइल उतरवून न घेता खिडकी बंद केलीत तर केलेलं गेलं. रॉग्राफ्स मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या गटाने केलं आहे. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये न मिळणारे आलेख त्यात होतात. कालरेषा लोकांपुढे मांडायची असेल तर नाइट लॅबचं टाइमलाइनजेएस सोपं आहे, पण ते सादरीकरणासाठी, शोधासाठी नव्हे.

खरा नकाशा करायचा तर क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर. ते शिकायला वेळ लागतो आणि तो द्यावा. जुना नकाशा स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवायचं काम त्यातल्या जिओरेफरन्सर या सोयीने होतं: दोन्हींवर ओळखू येणारी ठिकाणं, म्हणजे पूल, चर्च, नद्यांचे संगम, एकमेकांशी जोडत जायची. बिंदू नकाशाभर पसरलेले घ्या. एकाच कोपऱ्यात दहा घेतले तर उरलेला नकाशा वाकडा बसतो. किनाऱ्याच्या रेषा आणि नद्या नॅचरल अर्थ या नकाशा-माहितीच्या संग्रहाकडून मोफत मिळतात. आजच्या देशांच्या सीमा मात्र तिथून उचलून अठराव्या शतकाखाली पसरवू नका. हा गुन्हा इतका सर्रास होतो की वाचकालाही तो खटकेनासा झाला आहे.

जाळ्यासाठी, म्हणजे व्यक्ती बिंदूंनी आणि त्यांच्यातले संबंध रेघांनी दाखवणाऱ्या चित्रासाठी, गेफी हे सॉफ्टवेअर. त्याला दोन तक्ते लागतात, एक व्यक्तींचा आणि एक त्यांच्यातल्या दुव्यांचा. दुव्यांच्या तक्त्यात सोर्स आणि टार्गेट या नावांचे कॉलम असावे लागतात, आणि ती नावं रोमन लिपीतच हवीत. माहिती आत घेतली की आधी गुंतवळ दिसते. मग फोर्सॲटलस 2 ही मांडणी चालवा. जोडलेले बिंदू जवळ येतात, बाकीचे लांब सरकतात. इथे नवख्यांचा एक गैरसमज होतो. या चित्रात वर-खाली, डावं-उजवं याला काही अर्थ नसतो, आणि मांडणी पुन्हा चालवली तर चित्र फिरलेलं दिसू शकतं. अमुक व्यक्ती 'वरच्या टोकाला' आहे यावर परिच्छेद लिहू नका.

जाळं कधी कामाला येतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे जॉन पॅजेट आणि क्रिस्टोफर ॲन्सेल यांचा 1993 चा अभ्यास. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्लॉरेन्समधले लग्नसंबंध आणि व्यवहार मांडल्यावर दिसलं की एरवी एकमेकांशी फारसा संबंध नसलेली घराणी मेदिची कुटुंबामार्फत जोडली गेली होती. तिथे अनेक घराण्यांची, अनेक प्रकारच्या नात्यांची माहिती होती. तुमच्याकडे एकाच लेखकाचा संग्रह आहे. त्यातून जाळं काढलं तर मध्यभागी तो लेखकच येणार, कारण प्रत्येक पत्राच्या एका टोकाला तोच आहे. अशा जाळ्यात 'सर्वांत केंद्रस्थानी कोण' हा आकडा काढणं व्यर्थ. लेखकाला वगळून, पत्रांच्या मजकुरात कोण कोणाचा उल्लेख करतं याचं जाळं काढा. ते काहीतरी सांगेल.

मजकुरासाठी व्हॉयंट टूल्स, स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल यांनी केलेलं. पत्रांचा मजकूर टाकला की शब्दांची वारंवारता, कालक्रमाने चढउतार, शब्दाच्या आजूबाजूचा मजकूर असं सगळं मिळतं. सुरुवातीला जो शब्दमेघ (जास्त वेळा आलेले शब्द मोठ्या अक्षरांत दाखवणारं चित्र) दिसतो तो पाहा आणि विसरा. शोधनिबंधात त्याला जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आकार मोजता येत नाही, लांब शब्द उगाच मोठे वाटतात. संदर्भासह शब्द दाखवणारी खिडकी मात्र रोज वापरण्यासारखी. लांबी वेगवेगळी असलेली पत्रं तुलनेला घेताना नुसती संख्या न घेता सापेक्ष वारंवारता, म्हणजे ठरावीक शब्दांमागे तो शब्द किती वेळा येतो ते, घ्या. मराठी मजकूर असेल तर 'घर', 'घरात', 'घराला', 'घरी' हे चार वेगळे शब्द म्हणून मोजले जातील, हे आधीच धरून चाला. काही टूल्स काना-मात्रांपाशी शब्द तोडतात. म्हणून एका छोट्या परिच्छेदातले शब्द हाताने मोजून टूलच्या आकड्याशी ताडून बघा.

पाचवी पायरी: चित्रावर संशय घ्या

चित्र चांगलं दिसायला लागलं की त्यावर विश्वास बसतो. नेमक्या त्याच वेळी तीन गोष्टी करा.

सगळ्यात वेगळा दिसणारा बिंदू निवडा आणि त्याच्या मूळ कागदापर्यंत जा. बऱ्याचदा ती टंकनाची चूक निघते. नसेल, तर तुमच्या लेखाचा विषय कदाचित तिथेच आहे.

'खात्री' कॉलममधल्या 'अंदाज' ओळी काढून चित्र पुन्हा काढा. आकृतिबंध टिकला तर ठीक. नाहीसा झाला तर तो पत्रांचा नव्हता, तुमच्या अंदाजांचा होता.

आणि मग विचारा की इथे काय आलेलंच नाही. लिहिलेली पत्रं, टिकलेली पत्रं आणि छापली गेलेली पत्रं हे तीन वेगळे संच आहेत. तुमच्या हातात बहुधा तिसरा आहे. स्टॅनफर्डच्या 'मॅपिंग द रिपब्लिक ऑफ लेटर्स' या प्रकल्पात अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक व्होल्तेर याची पत्रं नकाशावर मांडली, तेव्हा इंग्लंडशी त्याचा व्यवहार अपेक्षेपेक्षा विरळ दिसला. हा माणूस तरुणपणी इंग्लंडमध्ये राहिलेला, त्या देशावर लिहिलेला. मग तो इंग्लंडशी खरोखरच कमी बोलत होता, की ती पत्रं जपलीच गेली नाहीत? याचा निवाडा नकाशा करू शकत नाही, पण प्रश्न त्याच्यामुळेच पडला. दृश्यांकनाच्या अभ्यासक जोहाना ड्रकर गेली अनेक वर्षं बजावत आल्या आहेत की मानव्यविद्यांतली माहिती आयती पडलेली नसते, अभ्यासक ती निवडून घेतो. त्या निवडीचा माग चित्राखालच्या ओळीत यायला हवा: किती पत्रांपैकी किती घेतली, कोणती आणि का वगळली, अंदाजे तारखा किती. ही ओळ लांब झाली तर होऊ द्या.

सहावी पायरी: बाहेर काढणं आणि जपणं

रंगांसाठी सिंथिया ब्रूअर यांचं कलरब्रूअर हे रंग निवडायचं ऑनलाइन टूल उघडा. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या वाचकांना चालणाऱ्या रंगमाला त्यात वेगळ्या काढता येतात. कमी-जास्त दाखवायचं असेल तर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा, आणि प्रकार दाखवायचे असतील तर वेगवेगळे रंग, पण सहा-सातच्या वर नको. छापायला देताना एसव्हीजी किंवा पीडीएफ काढा, म्हणजे मोठं केलं तरी रेषा फाटत नाहीत. देवनागरी नावं असतील तर ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून जोडाक्षरं शाबूत आहेत का ते पाहा.

ऑनलाइन टूलमधलं चित्र म्हणजे ठेवा नव्हे. गूगलचं फ्यूजन टेबल्स वापरून अनेकांनी नकाशे केले होते. ते 3 डिसेंबर 2019 रोजी बंद झालं आणि त्यावर उभे असलेले नकाशे गेले. तक्ता सीएसव्हीमध्ये, चित्र एसव्हीजीमध्ये, सफाईच्या बदलांची यादी, आणि एक साधी मजकूर-फाइल ज्यात प्रत्येक कॉलमचा अर्थ आणि टूलची आवृत्ती लिहिली आहे, असं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. झेनोडोसारख्या संशोधनाच्या ऑनलाइन भांडारात ते ठेवलं तर डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो आणि इतरांना तुमच्या तक्त्याचाच संदर्भ देता येतो. मूळ कागदांचे हक्क दुसऱ्या कोणाकडे असतील तर आधी विचारा. पत्राची तारीख-पत्ता देणं आणि पूर्ण मजकूर देणं यांत फरक आहे.

फोल्डर पुरेसा आहे का हे तपासायचं असेल तर तो एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि तुम्ही शेजारी न बसता चित्र पुन्हा काढायला सांगा. तो ज्या ज्या ठिकाणी अडून तुम्हाला फोन करेल, त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या मजकूर-फाइलमध्ये लिहून टाका.